डॉलरचं वतन



वस्तीच्या नाक्यावर नवा फ्लेक्स लागलाय. वर बुद्ध, बाबासाहेब. मधे सुटाबुटातलं आपलंच एक पोरगं. अमेरिकेत सॉफ्टवेअर इंजिनीयर म्हणून निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. खाली शुभेच्छुकांची पन्नास नावं. बाप पालिकेत झाडूखात्यात. आई चार घरची धुणीभांडी करणारी. विहारात पेढे वाटले. म्हाताऱ्या बायांनी पोराच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. आम्हीही पेढा खाल्ला. घशाशी आवंढा आला तो खोटा नव्हता. ज्याच्या आज्याला गावच्या पाणवठ्यावर पाय टाकता येत नव्हता तो समुद्र ओलांडून चाललाय. याचा आनंद ज्याला होत नाही तो आमचा नव्हे.

रात्री कट्ट्यावर मात्र एकच चर्चा. किती पडतात रे महिन्याला? डॉलरमधे किती, रुपयात किती? पोरांनी मोबाईल काढले, गुणाकार केले, आकडा बघून शिट्ट्या मारल्या. पण पुढचं कुणीच विचारलं नाही. त्याच्या डोक्यावर साहेब कोण? सुट्टी किती? उद्या नोकरी गेली तर किती दिवसांत देश सोडायचा? तिथं युनियन आहे का? आणि बाजूच्या टेबलावर बसणाऱ्या देशबांधवाला याचं आडनाव कळलं तर काय होतं?

न विचारलेल्या या प्रश्नांवर हा अग्रलेख. कुणाच्या आनंदात माती कालवायला नव्हे. आपल्याला आजवर ज्यांनी ज्यांनी फसवलं त्यांनी हिशेबातच फसवलं. म्हणून हिशेब आपणच मांडायचा.

आधी पगार.

हिंजवडीच्या मोठ्या कंपनीत नव्या पोराला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास मिळतात. पंधरा वर्षांपूर्वीही जवळपास तेवढेच मिळत होते. या पंधरा वर्षांत खोलीचं भाडं वाढलं, वडापाव वाढला, मालकांचे बंगले वाढले. पोराचा पगार तिथंच. आता तिकडचा आकडा. अमेरिकन सरकारच्या मे २०२३ च्या मोजणीप्रमाणे तिथल्या सॉफ्टवेअर डेव्हलपरचा मधला पगार वर्षाला १,३२,२७० डॉलर. मधला म्हणजे निम्म्या लोकांना याहून जास्त, निम्म्यांना याहून कमी. त्या वर्षीच्या ८३ रुपयांच्या भावाने गुणलं तर १ कोटी १० लाख. डोळे फिरले ना? फिरू द्या. पण गुणाकार इथंच थांबवू नका.

डॉलर कमवायचा तिथं आणि खर्चायचाही तिथंच. तिथला एक डॉलर जेवढं विकत घेतो तेवढं इथं वीस-पंचवीस रुपयांत येतं, असा अर्थतज्ज्ञांचा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे तो १ कोटी १० लाखांचा माणूस राहणीमानानं आपल्याकडच्या तीस लाखवाल्यासारखा जगतो. वाईट आहे का? अजिबात नाही. पण कोटीचा फुगा गेला. आणखी पुढे या. कॅलिफोर्नियात एकट्या माणसाच्या अशा पगारातून साधारण तीस टक्के कर आणि सोशल सिक्युरिटीत जातात. उरले महिन्याला साडेसात हजारांच्या आसपास डॉलर. एका खोलीच्या फ्लॅटला भाडं अडीच-तीन हजार. गाडी चैनीची नव्हे, पायातल्या चपलेसारखी गरजेची. वर विमा. वर शिक्षणाचं कर्ज. त्यातून जे शिल्लक पडतं ते घरी येतं. ते खरं. ते मोठंच असतं, कारण घरी आल्यावर एका डॉलरचे पुन्हा पूर्ण भावाने रुपये होतात. त्यातून बहिणीचं शिक्षण होतं, बापाचं ऑपरेशन होतं, सावकाराच्या तोंडावर पैसे फेकता येतात. ज्यांनी कधी पैसा पाहिलाच नाही त्यांना पैशाचा तिरस्कार शिकवायला आम्ही साधू नाही. त्याग बिग आम्हाला पुष्कळ शिकवला गेलाय. आता बास.

पण त्या कापाकापीतली एक ओळ बोट ठेवून वाचा. सोशल सिक्युरिटी. शंभर डॉलरमागे ६ डॉलर २० सेंट. म्हातारपणी पेन्शन मिळावी म्हणून. पेन्शनचा हक्क कधी? ४० तिमाह्या भरल्यावर, म्हणजे दहा वर्षं. व्हिसाची मुदत साधारण सहा वर्षं. सहा वर्षांनी माघारी आलास तर भरलेला पैसा तिकडेच. इतर अनेक देशांशी अमेरिकेचा याबाबत करार आहे. भारताशी तो वर्षानुवर्षं नुसता बोलण्यातच राहिला. तिथल्या म्हाताऱ्यांच्या पेन्शनला आपल्या पोरांचा घाम चालतो.

आणि तो मधला पगार तरी सगळ्यांना कुठं? एच-वन-बी व्हिसावाल्याला किती द्यायचे याच्या कायद्यात चार पायऱ्या आहेत. खालच्या दोन पायऱ्या त्या भागातल्या मधल्या पगाराच्याही खाली. २०१९ साली तिथल्या कामगार खात्यानं मंजूर केलेल्या जागांपैकी ६० टक्के या खालच्या दोन पायऱ्यांवरच्या होत्या. म्हणजे शेजारच्या टेबलावरचा गोरा आणि आपला पोरगा एकच कोड लिहितात, आणि कायदा मालकाला सांगतो, याला कमी दे, चालेल. वर मालक गोऱ्याला सांगतो, हा बघ तुझी नोकरी खायला आला. दोघं भांडतात. मालक एसीत बसतो. गिरणगावात हेच झालं होतं की नाही? मुंबईच्या गिरण्यांत विणकामाच्या खात्यात आपल्याला शिरू देत नव्हते. धागा तुटला की तोंडानं ओढून जोडावा लागतो, महाराची थुंकी लागेल म्हणून. जास्त पगार त्याच खात्यात होता. कामगारच कामगाराला अडवत होता. मालकाचं एका पैशाचं नुकसान नव्हतं.

आता कामाची रीत.

इथून गेलेली पोरं पहिली गोष्ट कोणती सांगतात? साहेबाला नावानं हाक मारता येते. कुणी उभं राहत नाही, कुणी 'सर सर' करत नाही. पाचला उठून घरी जाता येतं. पोराला शाळेतून आणायचंय म्हटलं की साहेब म्हणतो, जा. आपल्याकडे काय? रात्री दहाला फोन. रजेचा अर्ज दिला की जणू किडनी मागितली. २०२३ साली आपल्या एका बड्या आयटी उद्योगपतीनं तरुणांना सांगितलं, देशासाठी आठवड्याला ७० तास राबा. अरे, आमच्या आया-बापांनी वेठबिगारीत तास मोजले नव्हते. देश त्यांच्याच पाठीवर उभा आहे. आम्हाला नको शिकवू.

म्हणजे तिकडची रीत चांगली? थांबा. नावानं हाक मारू देणारा साहेब एका इमेलवर घरी बसवतो. तिथं बहुतेक नोकऱ्यांत मालकाला कामगार काढायला कारण द्यावं लागत नाही. भरपगारी रजा द्यायलाच पाहिजे असा अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कायदा नाही. मिळते ती कंपनीच्या मर्जीची. २०२२ च्या नोव्हेंबरात मेटानं ११ हजार माणसं काढली. २०२३ च्या जानेवारीत गूगलनं १२ हजार, मायक्रोसॉफ्टनं १० हजार. काही पोरांना सकाळी लॉगिन होईना तेव्हा कळलं की आपण कालच मेलो.

आता जर्मनी बघा. पगार अमेरिकेच्या निम्म्याच्या आसपास. आयटीवाल्याला २०२५ साली ब्लू कार्ड मिळायला वर्षाला सुमारे ४३,८०० युरोचा पगार पुरत होता. कर आणि विमा मिळून एकट्या माणसाचा पगार चाळीस टक्क्यांपर्यंत कापला जातो. फ्लेक्सवर लावण्यासारखा आकडा नाही. पण पाच दिवसांचा आठवडा करणाऱ्याला वर्षाला किमान २० दिवसांची भरपगारी रजा कायद्यानं. आजारी पडलास तर सहा आठवडे पूर्ण पगार मालकाकडून. पाच कामगार असले तरी त्यांना आपलं मंडळ निवडता येतं. तिथं त्याला बेट्रिब्सराट म्हणतात. हे मंडळ असेल तिथं एकही माणूस काढायच्या आधी मालकाला मंडळाचं म्हणणं ऐकावंच लागतं. न ऐकता काढलं तर ती नोटीस रद्द. आणि बी-वन दर्जाची जर्मन भाषा आली तर ब्लू कार्डवाल्याला २१ महिन्यांत कायमचं राहण्याचा परवाना मागता येतो. तिथं स्वर्ग आहे असं नाही. कातडीचा रंग तिथंही बघतात. नाव ऐकून भाड्याच्या खोलीला नाही म्हणणारे तिथंही आहेत. पण साहेबाच्या तोंडावर 'नाही' म्हणायची ताकद तिथं कागदावर लिहून मिळते.

हाच मुद्दा आहे, दोस्तांनो. पगाराची तुलना आकड्यांनी होत नाही. साहेबाला 'नाही' म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी आपण कुठं असतो, यावर होते.

ही 'नाही' म्हणायची ताकद अमेरिकेत आपल्या पोराला किती? इथं वतन आठवा.

महारवतन म्हणजे काय होतं? इनामाचा जमिनीचा तुकडा, थोडं बलुतं, सरकारकडून नावापुरता पगार. त्याबदल्यात चोवीस तासांची हाक. वतनदार घरात नसला तर त्याच्या बापानं नाहीतर घरातल्या दुसऱ्या कुणी हजर व्हायचं. गाव सोडायचं नाही. सोडलं तर तुकडा गेला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात याविरुद्ध बिल आणलं. तेव्हा आपल्यातलेच काही कुरकुरले. जमीन जाईल म्हणाले. बाबासाहेबांना दिसत होतं की हा तुकडा नव्हे, गळ्यातला पट्टा आहे. कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. तेव्हा बाबासाहेब नव्हते.

आता एच-वन-बी बघा. व्हिसा माणसाच्या नावावर, पण अर्ज मालकाचा. नोकरी बदलता येते, पण नव्या मालकानं नवा अर्ज भरला तरच. नोकरी गेली तर ६० दिवस. त्या ६० दिवसांत नवा मालक शोध, नाही तर भाड्याचं घर, पोराची शाळा, गाडीचे हप्ते सगळं सोडून विमान पकड. बायको इंजिनीयर असली तरी तिचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाला लोंबकळणारा. २०१५ पर्यंत तिला नोकरीच करता येत नव्हती. त्यानंतर परवानगी मिळाली तीही ज्याचं ग्रीन कार्डाचं काम बरंच पुढे गेलंय त्याच्याच बायकोला. आणि ग्रीन कार्ड? कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांहून जास्त नाही, असा नियम. छोट्या देशालाही तेवढेच, दीडशे कोटींच्या देशालाही तेवढेच. त्यामुळे नोकरीवाल्या भारतीयांची रांग, बायकापोरं धरून, दहा लाखांच्या वर गेली. कित्येकांचा नंबर लागायच्या आधी त्यांची राख होईल.

तराळाची आणि लाख डॉलरवाल्याची बरोबरी आम्ही करत नाही. तेवढी अक्कल आम्हाला आहे. कुणी याला मेलेलं जनावर ओढायला लावत नाही, कुणी उष्टं वाढत नाही. पण गाठ तीच आहे. पोटाचा तुकडा आणि राहण्याचा हक्क एकाच्याच मुठीत दिला की माणूस उभ्यानं वाकतो. मग तो खेडं असो की कॅलिफोर्निया.

आणि त्या मुठीचा रंग कुठला असतो? इथं आपल्या हिशेबातलं सगळ्यात कडू पान उघडतं.

१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले. बडोद्याची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, आणि त्याबदल्यात परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार. कोलंबियात त्यांना कुणी जात विचारली नाही. परदेशातल्या त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत हे डोक्यातून पुसून गेलं होतं, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय. १९१७ साली बडोद्याला आले. एवढा शिकलेला माणूस, राहायला खोली मिळेना. नाव लपवून पारशाच्या धर्मशाळेत राहिले, तर लाठ्या घेऊन माणसं आली आणि बाहेर काढलं. परदेशात माणूस, देशात महार.

शंभर वर्षांनी गंमत उलटी झाली. आज आपला पोरगा कॅलिफोर्नियात उतरतो आणि तिथं बडोदा त्याची वाट बघत बसलेलं असतं. कारण १९१३ साली कोलंबियात सवर्ण साहेब नव्हता. आज टीमचा साहेब तो, मुलाखत घेणारा तो, शिफारस करणारा तो, बढतीच्या कागदावर सही करणारा तो. हिंदू जिथं जाईल तिथं जात नेईल आणि हा सगळ्या जगाचा प्रश्न होऊन बसेल, हा धोका केतकरांच्या लिखाणातून बाबासाहेबांनी १९१६ सालीच कोलंबियातल्या विद्वानांपुढे ठेवला होता. तेव्हा त्या गोऱ्या विद्वानांना ती लांबची गोष्ट वाटली असेल. आता ती त्यांच्याच हापिसातल्या कॅन्टीनमधे बसून डबा खाते.

जात तिथं कशी विचारतात? 'तुझी जात काय' असं कुणी विचारत नाही. शिकलेली माणसं ती. आडनाव विचारतात. आडनाव कळलं नाही तर गाव. गाव मुंबई म्हटलं तर 'मूळचे कुठले?' जेईईची रँक काय होती? जनरल की कोट्यातून? तुम्ही शाकाहारी ना? घरी गणपती असतो ना? पाठीवर प्रेमानं थाप मारतात आणि बोटं शर्टाखाली जानवं चाचपतात. एवढं झालं की शुक्रवारच्या पार्टीचं आमंत्रण बंद होतं. पार्टीचं काय एवढं, असं म्हणू नका. चांगला प्रोजेक्ट कुणाला, ग्रीन कार्डाचा अर्ज आधी कुणाचा, हे त्याच पार्टीत ठरतं. गावची पंचायतही पारावरच ठरवायची.

ही आमच्या मनातली भुतं नव्हेत. ३० जून २०२० रोजी कॅलिफोर्निया राज्यानं सिस्को कंपनीवर दावा लावला. फिर्याद अशी की एका दलित इंजिनीयरच्या साहेबानं तो राखीव जागेतून आयआयटीत आल्याचं सहकाऱ्यांना सांगितलं, तक्रार केल्यावर त्याला बाजूला टाकलं, आणि कंपनीच्या माणसांनी सांगितलं की जातिभेद बेकायदेशीर नाही. कंपनीनं सगळं नाकारलं. दोन व्यवस्थापकांवरचा दावा राज्यानं २०२३ साली स्वतःच मागे घेतला. कंपनीवरचा त्यानंतरही चालू राहिला. निकाल काय लागतो हा कोर्टाचा भाग. पण त्या एका दाव्यानं झाकण उघडलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात ३० दलित स्त्री इंजिनीयरांनी निवेदन काढलं की सिलिकॉन व्हॅलीत भारतीय साहेबांच्या हाताखाली जात आणि बाईपण दोन्ही भोगावं लागतं. नावं देता आली नाहीत त्यांना. का? व्हिसा. नोकरी. त्या पट्ट्याची आठवण ठेवा. २०२२ च्या एप्रिलात गूगलमधे दलित इतिहास महिन्यानिमित्त तेनमोळी सौंदरराजन यांचं भाषण ठरलं होतं. आतूनच बोंब झाली की यानं हिंदूंना असुरक्षित वाटेल. भाषण रद्द. ते ठरवणाऱ्या तनुजा गुप्ता यांनी राजीनामा दिला. बघा, जातीबद्दल बोललं की असुरक्षित कोण होतं!

मित्रांनो, लढाई एकतर्फी नाही, हेही सांगितलं पाहिजे. अ‍ॅपलनं २०२० च्या सुमाराला आपल्या नियमांत जातिभेदाला स्पष्ट बंदी घातली. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिअ‍ॅटल शहरानं जातिभेदाविरुद्ध कायदा केला. अमेरिकेतलं पहिलंच शहर. ठराव आणला क्षमा सावंत यांनी. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानंही बिल मंजूर केलं, आणि ७ ऑक्टोबर २०२३ रोजी गव्हर्नर न्यूसमनं त्यावर सही करायला नकार दिला. कारण काय, तर सध्याच्या कायद्यात हे येतंच. येतंच तर लिहायला हात का थरथरला? अमेरिकेतल्या हिंदू संघटनांनी या बिलाविरुद्ध जिवाचं रान केलं होतं. जात नाहीच म्हणणारे लोक जातीविरुद्धच्या कायद्याला एवढे का घाबरतात, हा प्रश्न आम्ही त्यांनाच विचारतो.

आता थोडं आपल्या घरात बघू.

पहिली गोष्ट. या विमानात आपण किती जण आहोत? बोटावर मोजण्याइतके. परदेशी शिक्षणाचं कर्ज काढायचं तर गहाण ठेवायला फ्लॅट लागतो. झोपडी बँक गहाण घेत नाही. राज्य सरकारची राजर्षी शाहू शिष्यवृत्ती वर्षाला ७५ पोरांना. अख्ख्या महाराष्ट्रातल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्धांतून ७५! तीही नामांकित विद्यापीठाच्या यादीत नंबर लागला तर. आणि २०२५ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षानं बाहेरून येणाऱ्याच्या नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलरची फी जाहीर केली. दार आधीच अरुंद होतं. त्यातून आधी कोण बाहेर राहील हे सांगायला ज्योतिषी नको.

दुसरी गोष्ट. इथल्या खाजगी कंपन्यांत राखीव जागा नाहीत. मेरिट, मेरिट म्हणून कोकलतात. हे मेरिट कुणाच्या पैशावर पोसलं? सरकारनं १९९१ साली सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची संस्था काढली. २०११ पर्यंत निर्यातीच्या नफ्यावर आयकरात माफी दिली. हिंजवडीची जमीन एमआयडीसीनं शेतकऱ्यांकडून घेऊन दिली. सरकारी कॉलेजांतून शिकलेली पोरं दिली. सवलत घेताना सरकार बाप, आणि राखीव जागा मागितल्या की खाजगी मामला! तिकडे कॅलिफोर्नियात जो साहेब आपल्या पोराची रँक विचारतो तो इथल्याच या राखीव नसलेल्या राखीव जागेतून गेलाय. त्याच्या शंभर टक्के आरक्षणाला मात्र कुणी कोटा म्हणत नाही.

तिसरी गोष्ट जरा कडू आहे. तिकडे पोचलेल्या आपल्या काही भावांचं. आडनाव बदललं. भिंतीवरचा बाबासाहेब पाहुणे यायच्या आत कपाटात गेला. जयंतीला फोटो टाकायचा तर वस्तीतल्या ग्रुपवर, हापिसातल्या नाही. वस्तीतल्या पोरानं नोकरीसाठी मेसेज केला तर उत्तर नाही. सवर्ण आपल्या भाच्या-पुतण्याची शिफारस छाती काढून करतो, आपला भाऊ आपल्या माणसाची शिफारस करताना इकडेतिकडे बघतो. यालाच आपण इतकी वर्षं दलित ब्राह्मण म्हणत आलो. पण आज नुसती शिवी देऊन भागणार नाही. तो का लपतो? कारण एकटा आहे. ६० दिवसांचा सुरा मानेवर घेऊन एकट्या माणसानं शूर व्हावं, असं फोर्टातल्या इराण्याकडे चहा पिता पिता सांगणं सोपं आहे. त्याला एकटा ठेवला हा आपलाही गुन्हा आहे.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे.

जा. जरूर जा. गाव सोडा म्हणून बाबासाहेबांनीच सांगितलं होतं. देश सोडताना पाय अडखळायचं कारण नाही. देशभक्तीचं प्रमाणपत्र आम्हाला बडोद्याच्या धर्मशाळेकडून नको. पण जाताना ऑफर लेटरचा फक्त पहिला आकडा वाचू नका. कराराचा कागद घेऊन वस्तीतल्या शिकलेल्या चार जणांत बसा. पगाराची पायरी कुठली ते बघा. व्हिसाचा खर्च कोण करणार? अमेरिकेत तो पोराकडून वसूल करायला मालकाला कायद्यानं बंदी आहे. प्रोजेक्ट नसला तरी बसल्या जागचा पगार मिळतो ना? तो द्यावाच लागतो, तरी इथले दलाल कापतात. रजा किती, नोटीस किती, नोकरी गेली तर किती दिवस, हे विचारा. अमेरिकेचा डॉलर आणि जर्मनीचा कागद शेजारी ठेवून बघा. कंपनीच्या नियमांत भेदाच्या यादीत 'जात' हा शब्द आहे का तेही बघा. नसला तर तो यावा म्हणून भांडणारे तिथं कोण आहेत ते शोधा.

आणि पोचल्यावर पहिल्या महिन्यात गाडी घेऊ नका, माणसं शोधा. अमेरिकेत आंबेडकरी संघटना आहेत, सिस्कोच्या दाव्यात त्या उभ्या राहिल्या. गूगलच्या कामगारांनी २०२१ च्या जानेवारीत युनियन काढलीय. जर्मनीत मंडळ निवडता येतं. तिथल्या काळ्या कामगारांशी, मेक्सिकन झाडूवाल्याशी बोला. रात्री तुमचं हापिस झाडायला येतो तो तुमच्या बापाचाच भाऊबंद आहे. त्याचा तासाचा पगार विचारा, म्हणजे तुमच्या पगाराचा अर्थ कळेल. घरी पैसे पाठवाल तेव्हा थोडे अभ्यासिकेला पाठवा. पैशापेक्षा आठवड्यातला एक तास पाठवा. मुलाखतीची तयारी, अर्ज कसा लिहायचा, कुठल्या दलालाला टाळायचं, हे सवर्णाच्या पोराला जेवणाच्या टेबलावर फुकट मिळतं. आपल्या पोराला ते तुम्हीच द्यायचंय.

आणि इथं राहणाऱ्यांनो, आपलं काम याहून मोठं. हिंजवडीत, वाशीत, अंधेरीत पोरं साडेतीन लाखांवर चौदा तास घासतात. त्यांची युनियन कोण बांधणार? खाजगी नोकरीत राखीव जागांची मागणी रस्त्यावर कोण आणणार? पंचाहत्तरच्या जागी पाचशे शिष्यवृत्त्या कोण मागणार? इथं 'नाही' म्हणायची ताकद कमावली नाही तर तिकडची ताकद कायम उसनी राहील. व्हिसाचा कायदा वॉशिंग्टनमधे एका सहीनं बदलतो. एका सहीवर जगणाऱ्याला आपण वतनदार म्हणत होतो.

आपण शिकलो, दोस्तांनो. तेवढं तर खरंच केलं. दुसरा शब्द अजून बाकी आहे. संघटित व्हा.

नाक्यावरचा फ्लेक्स पावसात फाटेल. त्या पोरानं पाठवलेल्या डॉलरची घरं होतील, लग्नं होतील. ते होऊ द्या. पण तो मान वर करून हापिसात शिरतो की आडनाव गिळून, यावरच त्याच्या पगाराचा खरा आकडा ठरणार आहे.

बापानं वतन सोडलं ते पोरानं डॉलरचं घ्यावं म्हणून नव्हे.

जय भीम.